मायचे माहेरचे नाव

दर्यापूर तालुक्यातील एका गावातून शिक्षिका असलेल्या एका ताईंचे पत्र आले आहे. पत्र सात पानांचे आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग येथे थोडक्यात देते. घरासह अर्धे गाव जिला 'माय' म्हणत असे ती त्यांची आजी गेल्या मार्गशीर्षात वारली. आधार कार्डाप्रमाणे तिचे वय ९२ होते, तिचा थोरला मुलगा म्हणजे ताईंचे मोठे बाबा ९८ सांगतात, आणि तेरवीच्या पत्रिकेवर 'शतायुषी' असे छापले गेले. येत्या वर्षश्राद्धाला तिच्याविषयी एक छोटी पुस्तिका काढून नातलगांना द्यायची असे घराने ठरवले असून, घरात लिहिणारी तूच आहेस असे म्हणून ते काम ताईंवर सोपवले आहे. मोठ्या बाबांनी मुद्दे लिहून दिले आहेत: अन्नपूर्णा, त्यागमूर्ती, सोशिक, कधी कुणाला उलटून बोलली नाही. काकूंनी तो कागद वाचला आणि त्या म्हणाल्या, "पाच वर्सं मले चुलीपासून उठू नाई देलं तिनं, थेबी लिहिजो." १९७२ च्या दुष्काळात माय खडी फोडायला गेली होती असे आत्या सांगते, आणि आपल्या घरच्या बाया कधी कामावर गेल्याच नाहीत असे मोठे बाबा ठासून सांगतात. ताई स्वतः बारावीपर्यंत मायच्या शेजारी, तिच्याच वाकळीत झोपल्या. "तरीही लिहायला बसले की 'प्रेमळ' या शब्दापुढे पेन सरकत नाही, आणि जे लिहिते ते मलाच खोटे वाटते," असे त्या लिहितात. काय लिहावे, काय गाळावे आणि कुणाचे खरे मानावे, हे त्यांना विचारायचे आहे.

प्रिय ताई,

लिहायला बसण्याआधी एक काम करा. पत्राच्या सहाव्या पानावर तुम्ही ओझरते लिहिले आहे की मायची माहेरची एक मैत्रीण, जिला माय 'सई' म्हणायची, अंजनगावकडे लेकीजवळ राहते आणि तिला आता कमी ऐकू येते. तिच्याकडे याच आठवड्यात जा. बाकीची कामे थांबू शकतात. सातबारा तहसिलीत राहील, फोटो पेटीत राहतील, मोठ्या बाबांचे आणि आत्याचे मतभेदही कुठे जाणार नाहीत. मायला परकर-पोलक्यात पाहिलेले माणूस मात्र आता एकच उरले आहे. तिला काय विचारायचे ते शेवटी सांगते.

आता 'प्रेमळ' या शब्दाविषयी. तुमचे पेन तेथे अडते याचे मला बरे वाटले. प्रेमळ, सोशिक, त्यागमूर्ती हे शब्द खोटे नसतात, परंतु ते कोणत्याही गावातल्या कोणत्याही आजीला लावता येतात, आणि तेरवीच्या पत्रिकांवर व चौकातल्या फलकांवर ते इतक्या वेळा छापले गेले आहेत की वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावर थांबत नाही. त्यागमूर्ती म्हटले की तिने नेमके काय सोडले, कुणासाठी सोडले आणि सोडताना ती काय बोलली, हे विचारायचे राहूनच जाते. मोठ्या बाबांना यात दोष देऊ नका. आई गेल्यावर थोरल्या मुलाला तिची थोरवी सांगावीशी वाटते, आणि थोरवी सांगायला त्यांच्या हाताशी हेच शब्द होते.

तुमच्या पत्रात मात्र एक वाक्य असे आहे की ते वाचून मी पत्र खाली ठेवले. तुम्ही लिहिले आहे की भांड्यात उरलेले घोटभर पाणीही माय कधी सांडत नसे, पाहुण्याच्या पेल्यात राहिलेले पाणी ती तुळशीला घालायची किंवा कोंबड्यांपुढे ठेवायची, आणि घरात नळ आल्यावरही तिची ही सवय गेली नाही. ताई, तुमचे गाव खारपाणपट्ट्यातले आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणीच खारे आहे. विहीर खोदली तरी ते पाणी पिता येत नाही, आणि पिकाला दिले तर काळी जमीन आणखी बिघडते, म्हणून तेथे पिढ्यानपिढ्या कापूस, ज्वारी, तूर, हरभरा पावसाच्या भरवशावर पिकत आले, आणि पिण्याचे पाणी नदीच्या रेतीत उकरलेल्या झिऱ्यातून किंवा दूरच्या एखाद्या गोड्या विहिरीवरून बायांच्या डोईवरून घरी येत राहिले. हे सगळे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या घोटभर पाण्याचा अर्थ सांगावा लागत नाही, आणि ज्याला ठाऊक नाही, म्हणजे पुण्यात वाढलेल्या तुमच्या भाच्याला, तो तुम्ही सांगायला हवा.

म्हणून पुस्तिकेची सुरुवात पाण्यापासून करा असे माझे मत आहे. माय सून होऊन आली तेव्हा पाणी कुठून आणायची, किती खेपा होत, पहाटे किती वाजता निघावे लागे, डोईवर गुंड आणि त्यावर कळशी असे दोन्ही घ्यायची की एकच, बाळंतपणानंतर कितव्या दिवशी पुन्हा पाण्याला जावे लागले, उन्हाळ्यात झिरा भरायची वाट पाहत बसलेल्या बाया काय बोलत, कोणत्या विहिरीवर कुणी पाणी भरायचे आणि कुणी भरायचे नाही याचे नियम कोणते होते आणि माय ते नियम पाळायची की मोडायची, नळ कोणत्या वर्षी आला आणि त्या दिवशी ती काय म्हणाली, हे सगळे तुमच्या आईला, आत्याला, काकूंना आणि गावातल्या जुन्या बायांना विचारा. शेवटचा जातीचा प्रश्न विचारताना जीभ अडखळेल, तरी विचारा, कारण ज्यांना विहिरीपासून दूर उभे राहावे लागत होते त्या घरांतल्या म्हाताऱ्याही मायला ओळखत होत्या आणि त्यांची तिच्याविषयीची आठवण तुमच्या घरात कुणाकडेच नसेल. उत्तरे मिळाली की 'सोशिक' हा शब्द लिहायची गरज उरणार नाही.

असेच कापसाचे आहे. वेचणीच्या आधी वावरात दहीभात शिंपडून सीतादही करायला कोण जायचे, ओटी बांधून माय स्वतः वेचायची की मजूर बायांवर लक्ष ठेवायची, संध्याकाळी कापूस मोजताना काटा कुणाच्या हातात असायचा, वजनावरून कधी वाद झाला तर ती कुणाची बाजू घ्यायची, आणि मुख्य म्हणजे कापसाचे पैसे घरात आल्यावर ते कुणाच्या हाती जात. हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. तुम्ही मायला घराचा कणा म्हटले आहे, परंतु बारा-चौदा वर्षांची पोर म्हणून जी त्या घरात आली ती काही पहिल्या दिवशीच घराचा कणा नव्हती. किल्ल्या तिच्या कमरेला कधी आल्या? सासू गेल्यावर, की आजोबा गेल्यावर, की सासू असतानाच? आजोबा वारल्यानंतर वारसांची नोंद झाली असेल तर त्या फेरफाराची नक्कल काढा. त्यात तिचे नाव कोणत्या वर्षी चढले, मुलांच्या नावांबरोबर चढले की नाही, आणि तिने अंगठा दिला होता की सही केली होती, हे दिसेल. तिने सही केली असेल तर ती कुणी शिकवली हा एक स्वतंत्र प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कुणीतरी मोठ्या आनंदाने देईल.

वयाचा गुंता तुम्हाला वाटतो तितका अवघड नाही. आधारावरची १ जानेवारी ही तारीख बहुधा अंदाजाने घातलेली असते, आणि त्या पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस कागदोपत्री त्याच दिवशी येतो. आपल्याकडे गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी ज्या वहीत होत तिला कोतवाल बुक म्हणतात, आणि तिची नक्कल तहसील कार्यालयात अर्ज करून मागता येते. मुलीच्या जन्माच्या नोंदीत तिचे नाव नसून वडिलांचे नाव आणि 'मुलगी' एवढेच असण्याचा संभव आहे, म्हणून तिच्या वडिलांच्या आणि माहेरच्या गावाच्या नावाने शोध घ्या. तिचे भाऊ शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्यांच्या तारखा सापडतील, आणि माय कुणाच्या पाठची हे माहीत असले की अंदाज बांधता येतो. जुन्या कागदांच्या माथ्यावर मध्य प्रांत व वऱ्हाड किंवा मध्य प्रदेश असे दिसले तर गोंधळून जाऊ नका. वऱ्हाड १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. वावर तेच, चूल तीच, आणि माय एकाच उंबरठ्याच्या आत राहून इतक्या राज्यांची रहिवासी झाली.

कागद मिळाले नाहीत तरी तिने स्वतः दोन खुणा ठेवल्या आहेत. गांधीबाबा गेले तेव्हा मोठे बाबा मांडीवर होते, आणि गाडगेबाबा गेले त्या हिवाळ्यात आत्या झाली, असे ती सांगायची, असे तुम्ही लिहिले आहे. गांधीजींची हत्या ३० जानेवारी १९४८ रोजी झाली. गाडगेबाबा, ज्यांचे जन्मगाव शेंडगाव तुमच्या शेजारच्याच तालुक्यात आहे, ते २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गेले. म्हणजे मोठ्या बाबांचा जन्म साधारण १९४७ चा ठरतो. आता तुमच्याच पत्रातली दुसरी एक गोष्ट त्याच्याशेजारी ठेवा. मायची आठ बाळंतपणे झाली आणि पाच मुले जगली. जी तीन गेली त्यांपैकी मोठ्या बाबांच्या आधीची किती? दोन असतील, तर पहिले मूल १९४३-४४ च्या सुमाराचे होते, आणि ते तिच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी झाले असे धरले तर तिचा जन्म १९२६-२७ पर्यंत मागे जातो. मोठे बाबा सांगतात तो ९८ चा आकडा मग बराच जवळचा ठरतो, आणि तो ठरतो तो ज्यांचा उल्लेख घरात कुणी करत नाही त्या दोन लेकरांमुळे. त्यांची नावे ठेवली गेली होती का, ती कशाने गेली, त्या वेळी गावात सुईण कोण होती, हे आत्याला हळूच विचारा. आईने मुलीला कधीतरी सांगितलेले असते. काहीच कळले नाही तरी पुस्तिकेत मायच्या मुलांची नावे देताना त्या तिघांची जागा मोकळी सोडू नका, "आणि तीन लेकरे जी लहानपणीच गेली" असे स्पष्ट लिहा. वयापुढे 'सुमारे' हा शब्द घाला आणि 'शतायुषी' मात्र गाळा. त्या शब्दाची तिला गरज नाही.

आता १९७२. आत्या आणि मोठे बाबा यांच्यापैकी कुणाचे खरे, हे ठरवण्याचे काम तुमचे नाही, आणि हे मी तुमच्याच जिल्ह्यातल्या फार जुन्या दाखल्यावरून सांगते. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला, जेथे आता मराठी भाषेचे विद्यापीठ झाले आहे, तेथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. स्वामींना ज्यांनी ज्यांनी पाहिले होते, ऐकले होते, त्यांच्याकडे जाऊन, विचारून, ताडून त्यांनी त्या लिहिल्या, आणि त्यांतून मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, लीळाचरित्र, तयार झाला. पुढे मूळ पोथी नाहीशी झाली तेव्हा ती पुन्हा माणसांच्या आठवणीतून उभी करावी लागली, आणि त्यात हिराइसा या स्त्रीच्या स्मरणातल्या पाठाला मोठा मान मिळाला. जेथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तेथे एकाला खोटे न ठरवता, ही अमक्याची वासना, म्हणजे त्याच्या आठवणीतला पाठ, ही तमक्याची वासना, असे नोंदवून दोन्ही पाठ ठेवले गेले. सातशे वर्षांनंतर आपण तो ग्रंथ विश्वासाने वाचतो, त्यामागे ही नोंदवण्याची पद्धत मोठे कारण आहे.

तुम्हीही तेच करा. "आत्या सांगते की..." आणि "मोठे बाबा सांगतात की..." असे दोन परिच्छेद लिहा आणि दोघांना आपापला परिच्छेद वाचून दाखवा. आत्या त्या वर्षी पंधरा-सोळा वर्षांची असणार, आणि त्या वयाची मुलगी आईबरोबर असते. तिला खडीच्या ढिगाचे माप, मुकादमाचा हजेरीपट, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकर थापताना कशी तुटायची, असे काही आठवते का ते विचारा. मोठे बाबा तेव्हा पंचविशीतले घरकर्ते पुरुष होते, आणि घरच्या बाईला रस्त्याच्या कामावर जावे लागले हे त्यांना आजही सांगवत नसेल, किंवा खरोखरच ती गेली नसेल आणि आत्याच्या मनात दुसऱ्या कुणाचे चित्र बसले असेल. दोन्ही शक्य आहे. त्या दुष्काळात मोठमोठ्या घरांतल्या बाया डोक्यावर पदर ओढून कामावर गेल्या, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काहीही नव्हते, हे मोठ्या बाबांना सांगायला मात्र विसरू नका. कदाचित इतक्या वर्षांत ते त्यांना कुणी सांगितलेच नसेल.

काकूंच्या वाक्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले. ते वाक्य गाळू नका, पण तुमच्या शब्दांत लिहूही नका. एखाद्या दुपारी काकूंजवळ बसा आणि त्यांना सांगा की तुमची आठवण तुमच्याच नावाने छापू आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय एक अक्षरही छापणार नाही. चुलीपुढची ती पाच वर्षे कशी गेली, सकाळी पहिल्यांदा राख कोण काढायचे, माहेरी जायला किती महिन्यांनी मिळायचे, महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या आणि आंबील एकटीने केल्या ते वर्ष कोणते, हे त्यांना बोलू द्या, मध्ये मायची बाजू घेऊ नका. मग एवढेच विचारा की सहाव्या वर्षी काय झाले. सून चुलीपुढून उठली ती कशी उठली, कुणी उठवली, की ती स्वतःच उठली? मायची स्वतःची सासू कशी होती हेही काकूंनाच विचारा, कारण सासवा आपल्या सासूविषयी लेकींपेक्षा सुनांजवळ अधिक बोलतात असे मी पाहिले आहे. मात्र त्या उत्तराचा उपयोग मायला माफ करून टाकण्यासाठी करू नका. काकूंची पाच वर्षे त्याने परत येत नाहीत.

तुम्ही असेही लिहिले आहे की शेवटची तीन वर्षे मायला आंघोळ काकूच घालत, केसांना तेल काकूच लावत, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून ती जेवत नसे. हे वाक्य आणि चुलीचे वाक्य एकापाठोपाठ एक ठेवा. त्यांच्यामध्ये 'पण' घालू नका, 'तरीही' घालू नका. ती दोन वाक्ये एकमेकींशेजारी ठेवली की वाचणाऱ्या प्रत्येक सुनेला आणि प्रत्येक सासूला पुढचे आपोआप कळेल.

छापायचे काय आणि न छापायचे काय याविषयी माझे मत असे आहे की लेखन दोन प्रकारचे करावे. एक जाड वही घ्यावी आणि तिच्यात सगळे लिहावे: हिश्श्याचे वाद, आजारपणात कोण आले नाही, कुणाचे लग्न मायने मोडले आणि कुणाचे जमवले, रागाच्या भरात ती काय बोलली. ती वही घरात राहील. पुस्तिका दोनशे-तीनशे घरांत जाईल आणि तिच्यात जिवंत माणसांचे वाद आणू नयेत, कारण त्यांना उत्तर द्यायला तेथे जागा नसते. काकूंची गोष्ट मी या वादांत धरत नाही. ती मायच्या आयुष्याचाच भाग आहे, आणि काकूंची संमती असेल तर ती छापली जावी.

मायची भाषा जशी होती तशीच ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या सासूबाई वारल्या तेव्हा त्यांच्याविषयी चार पाने मी लिहिली होती. शाळेत शिकवायची सवय असल्यामुळे त्यांच्या तोंडचे 'मले' मी 'मला' केले, 'काहून' चे 'का' केले, 'पोट्टे हो' चे 'मुलांनो' केले, आणि ते छापून आल्यावर माझ्या नणंदेने वाचून डोळे पुसले व म्हणाली, "वहिनी, हे तर तुमचं बोलणं हाय. बाईचं कोठी हाय?" ती पाने आजही माझ्याजवळ आहेत आणि नणंदेचे म्हणणे खरे आहे. तुमच्या पत्रात मायचे एक वाक्य आहे, "पोट्टे हो, आंधी जेवून घ्या, मंग भांडा." याचे व्याकरण कुणी सुधारू लागले तर त्याच्या हातून कागद काढून घ्या.

गाण्यांचेही तसेच. सध्या भुलाबाईचेच दिवस आहेत, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, तेव्हा आत्याला आणि गल्लीतल्या दोन-चार जुन्या बायांना एका संध्याकाळी अंगणात बसवा, कुणाकडून तरी खिरापत झाकून आणवा, आणि मायची गाणी म्हणायला लावा. एकटीला आठवत नाही ते चौघी मिळून म्हणताना आठवते, कारण गाण्याची पुढची ओळ बहुतेक वेळा शेजारणीच्या तोंडी असते. दळताना ती ओव्या म्हणायची असे तुम्ही लिहिले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, आणि त्यांत ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवण्याची काळजी घेतली. तुमच्या वहीतही प्रत्येक ओवीखाली ती कुणी सांगितली ते लिहा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर आधी सांगा, विचारा, आणि सुरू करताना त्या दिवसाची तारीख, गाव आणि बोलणारीचे नाव मोठ्याने म्हणा. त्याच दिवशी त्याची प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये ठेवा.

फोटोंच्या पाठीवर शिसपेन्सिलीने नावे लिहा, त्यांना चिकटपट्टी लावू नका. मायची लुगडी प्लास्टिकच्या पिशवीत घातली असतील तर काढून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. वाकळ मात्र पेटीत ठेवू नका, तिच्यात कुणाकुणाच्या लुगड्यांचे तुकडे आहेत ते आत्याकडून समजून घ्या आणि मग ती वापरा. छपाईविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सोळा पाने पुरेत, अक्षर मोठे असावे, कारण ती वाचणाऱ्यांपैकी निम्मे साठीपुढचे असतील, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणाआधी तुम्ही ती मोठ्याने वाचा.

राहिले सईकडे जाण्याचे. तुम्ही लिहिता की तेरवीच्या पत्रिकेवर, सातबाऱ्यावर, मतदार यादीत सगळीकडे मायचे सासरचे नाव आहे, जे आजोबांनी लग्नात तांदळावर बोटाने लिहिले होते, आणि माहेरी तिला काय म्हणत हे आज घरात कुणालाच ठाऊक नाही. तिने ते कधी सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. तुमची माय याबाबतीत एकटी नव्हती. देशातल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी, १९५१-५२ साली, मतदार याद्या तयार झाल्या तेव्हा सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले, आणि त्यांची नावे यादीत येऊ शकली नाहीत. ज्या राज्यांत हे मोठ्या प्रमाणावर घडले त्यांत तेव्हाचे मध्य प्रदेश होते, आणि तुमचे गाव त्या वेळी त्याच राज्यात होते. माय तेव्हा पंचविशीची असेल.

सईकडे सकाळी जा, तोपर्यंत म्हातारी माणसे थकलेली नसतात. एकट्या जाऊ नका, आत्याला बरोबर घ्या, कारण आत्याच्या चेहऱ्यात तिला माय दिसेल. मायचा सर्वांत जुना फोटो न्या आणि वाकळही न्या, ती तिच्या मांडीवर ठेवा. "माय कशी होती?" असे विचारू नका, त्याचे उत्तर "चांगली होती" एवढेच येते. ज्या कानाने ऐकू येते त्या बाजूला बसा, आणि दोघी मिळून नदीवर जात होत्या, भुलाबाई मांडत होत्या, तेव्हा तुम्ही तिले काय म्हणून हाक मारत होत्या, एवढेच विचारा. मग थांबा, मध्ये बोलू नका, तिला वेळ लागेल. नाव मिळाले की पुस्तिकेच्या पहिल्या पानावर, सासरच्या नावाच्या वर, ते छापा.